बिनअंगठ्याचा दगड

बाळ टिपणीस एकतीस वर्षं माझ्या खालच्या मजल्यावर राहिले, तरी मला त्यांच्याविषयी फारसं ठाऊक नाही. त्यांच्या पत्नीचं माहेर कुठलं, हेसुद्धा मी कधी विचारलं नाही. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते नकाशे काढत, सोसायटीच्या सभेत प्रत्येकाशी भांडत आणि सुट्टीला जीवाश्म, म्हणजे दगडात गाडले जाऊन दगडच झालेले जुने जीव, शोधत हिंडत. आमचं जमत नव्हतं. पण माझ्याकडे गाडी होती आणि मला नाही म्हणता येत नाही.

आदल्या वर्षी त्यांनी जन्मभर जमवलेल्या जीवाश्मांची पेटी एका कॉलेजला द्यायला नेली होती. तिथल्या बाईंनी विचारलं, हे कोणाच्या जमिनीतून काढलंत, मालकाची लेखी परवानगी आहे का? नव्हती. पेटी परत आली. काचबिंदूने त्यांचा एक डोळा गेला होता, दुसरा जात होता. तो जायच्या आत दगडातला एक तरी शंख कॉलेजच्या कपाटात रीतसर ठेवायचा, एवढं त्यांनी मनात धरलं होतं.

नकाशावरचं राखीव जंगल त्यांनी लाल पेन्सिलीने रंगवून टाकलं. उरलेल्या खाजगी जागांपैकी तीन निवडल्या, त्यांचे सातबारे छापून आणले आणि जानेवारीतल्या एका सकाळी माझ्या शेजारी येऊन बसले.

पालेगावला इमारतीसाठी खड्डा खणला होता. तिथून आम्ही गुपचूप दगड उचलला असता तर वॉचमनने मान वर केली नसती. टिपणिसांनी सातबारा उघडून त्यावरचा मालक कुठे भेटेल, ते विचारलं. वॉचमनने फोन लावला. मोटरसायकलवरून दोघे आले आणि आम्ही कुठल्या बिल्डरची माणसं, ते हिंदीत विचारू लागले. आम्ही निघेपर्यंत ते गाडीला टेकून उभे होते. बारवीच्या रस्त्यावर तर खुद्द मालकच भेटला. जमिनीवर भावाभावांचा खटला चालू होता. त्याने सातबारा टिपणिसांच्या हातातून ओढून फाडला.

"रेगे, तुम्ही इंजिन चालूच ठेवता," गाडीत बसल्यावर टिपणीस म्हणाले. "पळायच्या तयारीतला माणूस दिसला की समोरच्याला जोर येतो."

मी गिअर टाकला. कागद फाडला ते बरं झालं, असं मनात आलं होतं.

चामटोलीच्या पुढे, एका पाड्यावर, नवसीबाईंच्या शेतात विहीर खणणं चालू होतं. बाहेर टाकलेल्या ढिगात राखी रंगाचे मऊ दगड होते. टिपणीस तिथेच मातीत बसले. एक दगड त्यांनी चांगल्या डोळ्याला जवळजवळ चिकटवला. त्यावर तांदळाच्या दाण्याएवढे शंख होते. बराच वेळ त्यांनी कोणालाही टोमणा मारला नाही.

नवसीबाईंनी पाणी दिलं. शंख कसले, म्हणून विचारलं. फार पूर्वी इथे तळं होतं, त्यातल्या गोगलगायी, असं टिपणिसांनी सांगितलं. त्यावर बाईंनी विहिरीत वाकून पुतण्याला, सखाला, ओरडून सांगितलं, की खण रे, म्हातारा म्हणतो इथं पाणी हाय.

मग टिपणिसांनी परवानगीचा कागद आणि शाईचं पॅड काढलं.

बाईंचा चेहरा बदलला. विजेच्या मीटरसाठी म्हणून त्यांच्या दिराचा असाच अंगठा नेला होता. त्याच्या शेतावर आता प्लॉट पडले होते.

"दगूड हवा तं ने," त्या म्हणाल्या. "पाटीभर ने. आंगठा नाय देयची."

टिपणीस कागद मोठ्याने वाचू लागले. त्यांनीच, कचेरीच्या भाषेत, मोठ्या कष्टाने तो लिहिला होता. 'सदर जमिनीतील' एवढं वाचून होईतो सखा पहार घेऊन वर आला.

"जमिनीचं नाव हायच की त्यात," तो म्हणाला आणि पहार त्याने माझ्या बॉनेटवर टेकवली. आजूबाजूच्या शेतांतूनही माणसं येऊ लागली.

दगड घेऊन चला, मी हळूच म्हटलं. कागदावर मीच अंगठा उठवतो, कॉलेजला काय कळणार?

टिपणिसांनी माझ्याकडे पाहिलं. "मग आधीची पेटी काय वाईट होती, रेगे?"

तो दगड त्यांनी परत ढिगावर ठेवला. पुन्हा गाडी दिसली तर काचा फोडीन, असं सखाने बजावलं. बदलापूर येईपर्यंत टिपणीस मला भेकड म्हणत राहिले. शेवटी मी म्हटलं, की सोसायटीत तुम्ही कोणालाच आवडत नाही. ते म्हणाले, ठाऊक आहे.

त्यानंतर त्यांनी मला गाडी मागितली नाही. मार्चमध्ये ते झोपेतच गेले. त्याच्या दोन दिवस आधी जिन्यात दिसले होते, भिंत चाचपत उतरताना. मी बाजूला झालो.

"कोण, रेगे?"

"हो."

"वरची टाकी वाहतेय. मोटर बंद करा."

"करतो."