आंदणाचं कपाट
डांबरगोळ्यांचा वास आला की मला आमच्या शाळेच्या ग्रंथपाल बाईंचं सागवानी कपाट आठवतं आणि आम्हा सगळ्यांचीच किळस येते. वाचनालयाच्या खोलीत खिचडीच्या तांदळाची पोती रचलेली होती आणि त्यांच्यामागे उंदीर पुस्तकं कुरतडत होते. बाईंनी अर्ज केले, कोणी वाचले नाहीत. शेवटी त्यांच्या बापानं बोरी अरब गावच्या सुताराकडून करवून लग्नात आंदण दिलेलं कपाट त्यांनी घरून आणलं, स्वतःच्या साड्या ट्रंकेत कोंबल्या आणि कपाटात पुस्तकं लावली. आठवडाभरात संस्थेचे अध्यक्ष आले. स्वतःच्या सत्काराच्या बातमीपलीकडे काही न वाचलेला तो माणूस कपाटावरून हात फिरवत म्हणाला, "बाई, इतकं भारी कपाट पुस्तकायले कायले पाह्यजे? हापिसात शोभंल." बाई म्हणाल्या, "सर, माह्या बाबानं देल्लं हाय ते." "मंग? शाळा का परकी हाय तुमाले?" तो हसला, म्हणून आम्हीही हसलो. चौघा मास्तरांनी कपाटाला हात घातला, त्यात मी होतो. "थांबा, पुस्तकं तं काढू द्या," एवढंच बाई बोलल्या आणि पदरात पुस्तकं घेऊन पुन्हा त्याच पोत्यांवर ठेवत राहिल्या. आता मी मुख्याध्यापक आहे. कपाट माझ्याच खोलीत आहे, त्यात सत्काराच्या शाली असतात. आज बाई निवृत्त होताहेत. त्यांच्या त्यागावर मला पाच मिनिटं बोलायचं आहे, आणि त्यांना पांघरायची शाल काढायला मी आत्ता त्यांचंच कपाट उघडलं आहे.