पहिल्या पानावरचा उमेश

डहाणूच्या कॉलेजच्या हॉलमध्ये उमेश शिरला आणि समोरच त्याला स्वतःचा विशीतला चेहरा दिसला. भिंतभर. कॉलेजच्या जुन्या वर्तमानपत्राचं पहिलं पान मोठं करून लावलं होतं. वर ठळक अक्षरांत ‘शत्रूला पाणी पाजणारा आपला उमेश’, खाली निवडणूक प्रचाराच्या बातम्या. कोणाची सभा तलासरीत, कोणाची झाईला. साल नव्व्याण्णवचं.

“ये रे, ये!” सुदर्शनने मिठी मारली. दोघे एका बाकावरचे. तेव्हा हे पत्र सुदर्शनच चालवायचा, आता तो इथेच प्राध्यापक होता. “कसं झालंय प्रदर्शन?”

उमेश पानापाशी गेला.

गंजाडच्या पाड्यावरचा हा मुलगा कॉलेज अर्धवट सोडून फौजेत गेला आणि दोन वर्षांत कारगिलच्या डोंगरांत पोचला. गोळी त्याने एकही झाडली नाही. पाठीवर रेशन आणि दारूगोळा घेऊन चढायचं, उतरताना जखमींना आणायचं. कधी जे जखमीही उरले नव्हते त्यांना. हे सगळं त्याने सुदर्शनला कळवलं होतं, सोबत फोटो पाठवला होता. छापला गेला फक्त फोटो, आणि वर तो मथळा.

त्या फोटोवर एका उमेदवाराच्या माणसांची नजर गेली. न विचारता तो पोस्टरवर चढला : ‘जवानाचं मत आम्हालाच!’ उमेशचा बाप काकड्या जन्मभर विरुद्ध बाजूचा झेंडा खांद्यावर घेऊन फिरलेला, जमिनीच्या मोर्चात डोकं फुटलेला माणूस. त्याच्याच कुडाच्या भिंतीला कोणीतरी ते पोस्टर चिकटवलं.

उमेश रजेवर आला तेव्हा बाप विळ्याने कागद खरवडत होता.

“कधी गेलास रे त्यांच्यात?”

“बाबा, मी डोंगरावर होतो. मला ठाऊकसुद्धा नाही.”

“तोंड तर तुझंच हाय.”

एवढंच. त्यानंतर काकड्या मुलाशी थेट बोललाच नाही. उमेश पुढ्यात बसलेला असला तरी बायकोला म्हणायचा, “त्याला सांग, जेवून घे.” उमेश फौजेतून कायमचा परतला, लाडकीशी संसार मांडला, दक्षा जन्मली. म्हातारा नातीशी तासन्‌तास बोलायचा. मुलाशी मात्र शेवटपर्यंत नाही.

“सुदर्शन, ते पान काढ,” उमेश म्हणाला.

“अरे, सगळ्यात जास्त गर्दी त्याच्यासमोरच आहे! लोकांना अभिमान वाटतो तुझा.”

“त्या पानामुळे माझं घर बोलायचं थांबलं. तुला माहीत होतं.”

सुदर्शनचा हसरा चेहरा उतरला. “पोस्टर मी छापलं नव्हतं रे,” तो हळूच म्हणाला. तरी त्याने शिपायाला हाक मारली, शिडी मागवली. दोघांनी मिळून पान उतरवलं.

पण तोवर व्हायचं ते झालं होतं. पुन्हा निवडणूक तोंडावर होती आणि सकाळी कोणीतरी मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढून नेला होता. उमेश घरी पोचला तर दक्षा दारातच उभी. तिच्या फोनवर तोच चेहरा, शेजारी एका नव्या उमेदवाराचे जोडलेले हात.

“पप्पा, तुम्ही यांच्याबरोबर?”

“नाही गं,” तो म्हणाला आणि ओट्यावर बसून राहिला. सव्वीस वर्षांपूर्वी त्याने एका बापालाच समजावलं होतं, आणि रजा संपली म्हणून निघून गेला होता. लाडकीने चहा आणून दिला. “आता रजा थोडीच संपायचीय तुमची?” ती म्हणाली. “चला घरोघर सांगायला, मी येते.”

सकाळी दोघं पाड्यात निघाली. घरोघरी तो एकच सांगे : मी कोणाला फोटो दिला नाही, मी कोणाच्या प्रचारात नाही. शेजारच्या जानीने पाणी दिलं आणि खरं मानलं. दुसऱ्या पक्षाचा तुक्या हसला, “मग आमच्याकडून उभा राहा ना!” दोन घरांत कोणी बाहेरच आलं नाही.

म्हातारा पांड्या, काकड्याचा जुना सोबती, खाटेवर बसून मोबाइलवरचा तोच फोटो बघत होता.

“लढाईत तू काय केलंस रे? खरं सांग.”

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.  उमेश जमिनीवर बसला आणि डोंगरावरून सगळ्यात आधी खाली आणलेल्या जवान पोराचं नाव सांगितलं. लाडकीनेही ते नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.