भुश्यावरचं माप

माझं अक्षर मुंग्यांच्या रांगेवर पाणी सांडल्यासारखं दिसतं आणि ऱ्हस्व-दीर्घ तर मी अंदाजानेच टाकते. चौथीपर्यंत शिकले. पाचवीचा वर्ग वरच्या मजल्यावर होता आणि माझे पाय लहानपणीच्या तापात लुळे पडलेले, त्यामुळे माझं शिक्षण जिन्याच्या पहिल्या पायरीशी संपलं. ही वही कुणी वाचणार नाही. चुकून वाचलीच तर माफी आताच मागून ठेवते. चुकांची तर मागतेच, पण एका शब्दाचीही मागते, कारण तो पुढे सारखा येणार आहे आणि लिहितानाही मला लाज वाटते. तो शब्द म्हणजे बूड.

त्याला इलाज नाही. मापकाका माणसाला बुडावरूनच ओळखायचे.

ते आमच्या नागपूरच्या कोष्ट्यांच्या वस्तीतले मागाचे सुतार. विणकर दिवसभर मागाच्या खड्ड्याच्या काठावर फळीवर बसतो. ती फळी मापकाका ज्याची त्याला करून द्यायचे. "जेवायचा पाट दहा मिनिटांचा असते, तो कोणालेबी चालते," ते म्हणायचे, "फळी जन्माची असते." त्यामुळे त्यांची नजर माणसाच्या तोंडापर्यंत कधी पोचलीच नाही. लग्नात नवरदेव घोड्यावर बसला की सगळे त्याचा फेटा बघत. हे मागून बघून म्हणत, "बारा इंच. टिकन." कुणी वारलं तर सांत्वनाला जाऊन सांगत, "भला माणूस होता गा. चौदा इंच, पण कधी फळी मोडली नाही." घरचे रडता रडता थांबायचे.

मी घरी बसून कांड्या भरायची, म्हणजे बाण्याचं, आडवं विणायचं सूत नळीवर गुंडाळायची. सूतवाले शेठ गल्लीच्या उताराखाली राहायचे. ज्याच्या हातची कांडी त्यालाच समोर बसवून ते तपासायचे, मगच नवं सूत द्यायचे. म्हणून दर आठवड्याला माझा भाऊ मला पाठीवर टाकून न्यायचा. पंधरा वर्षांची मी, दोन वेण्या लोंबताहेत, आणि ओट्यावरची पोरं ओरडताहेत, "गोणी आली, गोणी आली!" त्याच वर्षी भावाला खापरखेड्याच्या वीजघरात काम लागलं. दिवाळीनंतर तो तिकडेच राहायला जाणार होता. आई म्हणाली, "मंग राहू दे त्या कांड्या." म्हणजे मी चुलीपाशी बसायचं आणि मरेपर्यंत तिथेच बसायचं, एवढाच त्याचा अर्थ होता.

मापकाका तेव्हा बाबांचा माग ठोकत होते. खड्ड्यातूनच बोलले, "गोणीले चाकं लावू."

कोराडीला कोळसा नेणाऱ्या ट्रकांच्या जुन्या बेअरिंगा त्यांनी गॅरेजातून आणल्या. मला म्हणाले, "लाकूड माझं, मेहनत माझी. बेअरिंगचे आठ रुपये मी भरले, तेवढे तुनं द्यायचे. पण फळी जमल्यावर. न जमलेल्या फळीचा पैसा मी घेत नाही."

पहिली फळी त्यांनी मागावरच्या धोट्यासारखी केली. धोटा म्हणजे ताण्यातून आडवा धावणारा लाकडी तुकडा, अरुंद आणि दोन्ही टोकांना निमुळता. "धोटा कसा जाते? सर्रकन! फळीबी तशीच पायजे." जन्मभर ज्यांनी धोटाच धावताना पाहिला त्यांना दुसरं काय सुचणार? मी बसले, हातांत धरायला दिलेल्या लाकडी ठोकळ्यांनी जमीन मागे ढकलली, आणि खरंच सर्रकन गेले. चौथ्या घराशी फळी एका कडेवर उचलली आणि मी बायजाबाईच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर जाऊन पडले.

बायजाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काहून गा सुतार, पोरीले चाकं देल्ली, लगाम कोण देईन?"

मापकाका धावत आले ते थेट फळीपाशी. "हिले काही लागलं तं नाही?" मी रडत होते, पण ते फळीबद्दल विचारताहेत हे कळल्यावर मला हसू फुटलं. फळीवर बोट फिरवत ते म्हणाले, "चुकलंच. धोट्याले बूड नसते."

दुसरी फळी केली ती लग्नाच्या पाटाएवढी रुंद, जाड सागवानी. ही उलटायची सोयच नव्हती. पण वळायचीही नव्हती. हात दोन्ही कडांच्या बाहेर जेमतेम टेकायचे, जोर लागायचा नाही, आणि प्रत्येक खड्ड्याला दात वाजायचे. गल्लीच्या वळणावर मी दोन भिंतींच्या मध्ये अडकले ती भाऊ येईपर्यंत तिथेच. जाणारा-येणारा प्रत्येक जण ओलांडून जात होता आणि सल्ला देत होता.

दिवाळीला पंधरा दिवस राहिले होते. मापकाका म्हणाले, "मापाबिगर केलं, म्हणून फसलो." आई भडकली. वयात आलेल्या पोरीचं तसलं माप घेणार? मापकाकांनी अंगणात ओला भुसा पसरला, मला त्यावर बसायला सांगितलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी सरकल्यावरच ते वळले आणि भुश्यावरचा ठसा मोजू लागले.

"तुमाले लाज नाही वाटत?" आई म्हणाली.

"तुह्या पोरीकडे कोण पाहून राहिलं वं बाई? मी भुश्याकडे पाहून राहिलो."

तिसरी फळी धोब्याच्या इस्त्रीसारखी झाली. मागे ठशाएवढी रुंद, पुढे निमुळती. मागे दोन बेअरिंगा, पुढे एकच, खिळ्यावर फिरणारी. त्यामुळे अंग जरा कलवलं की ती वळायची. पुढची कड वर तासलेली, म्हणजे दगडावर चढेल. लाकूड पातळ, म्हणजे खड्डा ते स्वतः गिळेल, दातांपर्यंत पोचू देणार नाही. मधे तळहाताएवढी खोलगट जागा. तिच्यात बसले आणि पहिल्यांदाच वाटलं, मी फळीवर नाही, मीच फळी आहे.

भाऊ हात पसरून मागे धावत होता. वळणावर मी त्याला ओरडून सांगितलं, "जा गा तू घरी!" शेठनी कांड्या तपासल्या आणि मजुरी माझ्या हातावर ठेवली. आजवर ती भावाच्या हातावर पडायची. चढ चढून वर आले तेव्हा तळहात सोलले होते. ओट्यावरची पोरं वाकून चाकं मोजत होती.

मी आठ रुपये पुढे केले. मापकाका म्हणाले, "ठेव. डावीकडे ओढून राहिली."

तीन वर्षं ती फळी डावीकडे ओढत होती. मग उजवीकडे. मग तिची खोलगट जागा मला लहान पडू लागली, आणि ते त्यांनी इतक्या मोठ्याने सांगितलं की अख्ख्या गल्लीला कळलं. दर वेळी थोडा रंधा मारायचे, मला चहा पाजायचे आणि पैसे परत करायचे. आठ रुपये पदराच्या गाठीत राहून मऊ झाले.

मग वस्तीतले माग एकेक करून बंद पडले. फळ्या लागेनाशा झाल्या. मापकाका लेकीकडे उमरेडला जायला निघाले. सकाळी रिक्षात हत्यारांची पेटी ठेवलेली, बायजाबाई आणि चार जण निरोपाला उभे. मी उतारावरून आले, वळणाला भिंतीला हात न लावता वळले आणि रिक्षाच्या चाकाशी थांबले.

"डावीकडे ओढते?"

"नाही."

"उतारावर भेव लागते?"

"नाही."

"चढावर?"

"एका दमात."

ते खाली वाकले. फळीकडे बघितलं, आणि मग नजर वर आणली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "तुहं तोंड तुह्या मायवर गेलं वं," ते म्हणाले. मग हात पुढे केला. "आण आठ रुपये."

बायजाबाई तोंडाला पदर लावून पुटपुटली, "जाता जाता लंगड्या पोरीकडून घेते, चेंगट मेला!"

मी गाठ सोडली. एक नोट फाटकी निघाली, ती परत करून त्यांनी दुसरी मागितली. ती दिली. दोनदा मोजून त्यांनी पैसे खिशात घातले, आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "चाल गा." पुरे आठ रुपये घेतले. एक पैसा सोडला नाही.