डाव्या हातातली बांगडी

तपासणीचे साहेब येणार म्हटलं की माझी झोप उडायची. अंबरनाथच्या शाळेत मी नुकतीच लागले होते, नोकरी कच्ची आणि स्वभाव मुळात भित्रा. मुलांवर ओरडायचे तेसुद्धा भीतीपोटीच! पण त्या वर्षी भीती माझ्या एकटीची नव्हती.

उल्हासनगरच्या छावणीतली एक सिंधी मुलगी माझ्या दुसरीत होती. अंगाने थोराड, म्हणून पोरं चिडवायची. तिच्या वडिलांनी मला बजावलं होतं, "बाई, साहबने पास किया तो पढेगी. नहीं तो घर में बैठके पापड बेलेगी." पोरीला अक्षरं सगळी येत. पण वाचायला उभी केली की बोट ओळीच्या उजव्या टोकाला जायचं आणि शब्द मागून पुढे यायचे. "अगं बये, शेपटाकडून काय सुरू करतेस!" मी करवादायचे. मग एकदा तिने घरचं सिंधी पुस्तक आणलं. आपल्या हिशेबाने शेवटचं ते पान उघडलं आणि उजवीकडून डावीकडे असं घडाघडा वाचलं की मी बघतच राहिले. ढ कसली, चांगली हुशार होती कार्टी!

मी तिच्या डाव्या मनगटात एक हिरवी बांगडी चढवली. म्हटलं, "बांगडीच्या बाजूने निघायचं." आणि जमायला लागलं की हो!

तपासणीच्या दिवशी ती वाचायला उभी राहिली आणि माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. मनगट रिकामं! सकाळी नळावर हंड्याला लागून बांगडी फुटली, हे मला मागाहून कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं. साहेबांसमोर बाईंनी मुलांना काही सुचवायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. मी फळ्यापाशी, साहेबांच्या खुर्चीशेजारी उभी. हळूच डाव्या हातातल्या बांगड्या वाजवल्या. तिचं बोट सरकलं ते थेट उजवीकडे! अरे देवा, मी तिच्याकडे तोंड करून उभी होते. माझी डावी बाजू म्हणजे तिची उजवी.

साहेबांनी चष्मा सारखा केला. दारात तिचे वडील उभे. आता गेलं सगळं, असं वाटलं. काय अवदसा आठवली कोण जाणे, मी सरळ वळले, वर्गाकडे पाठ केली आणि डाव्या हाताने फळा पुसायला लागले. फळ्यावर हेडमास्तरांनी रंगीत खडूंनी साहेबांचं स्वागत लिहिलेलं! ते डावीकडून पुसत निघाले. बांगड्या खळखळत होत्या. हेडमास्तरांचा खाकरा ऐकू आला. तेवढ्यात मागून तिचा आवाज आला, बारीक, पण सुलटा.

साहेब "पुरे" म्हणाले तरी ती थांबेना. थांबलं तर बाजू पुन्हा हरवेल अशी तिला धास्ती. धडा संपवूनच गप्प झाली.

"हिला वर चढवा," साहेब हेडमास्तरांना म्हणाले, "आणि या बाईंना विचारा, आमच्या स्वागतावर बोळा का फिरवला!"

पोर दाराकडे धावली आणि बापाला सिंधीत भराभर काही सांगू लागली. मला त्यातलं 'पापड' एवढंच कळलं. ती जोरजोरात मान हलवत होती, नाही, नाही, नाही.