कोनाची वं हे पोरगी?

भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मला जांभया येतात. आधीच सांगून टाकते, म्हणजे 'विश्वास होता म्हणून दिसलं' असं कोणी म्हणायला नको.

मी मूळची नागपूरची, लीड्समध्ये आयटीत आहे. मुलगी दोन महिने आधीच झाली आणि हॉस्पिटलच्या निओनेटल युनिटमध्ये काचेच्या पेटीत होती. नवऱ्याचा व्हिसा अडकलेला. आईचा व्हिडिओ कॉल आला की मी हसायचे, ठेवला की रडायचे... बोलायला माणूस एकच – शेजारच्या पेटीतल्या बाळाची आई, आयलाना. सायबेरियातल्या अल्ताय डोंगरांतली.

ती आपल्या मुलाला 'कुत्र्याचं शेपूट' म्हणायची. मला हसू आलं.

"हसू नकोस. आमच्याकडे जमिनीखाली एर्लिक असतो, मेलेल्यांचा राजा. चांगलं दिसेल ते उचलून नेतो. त्याने विचारलंच तर सांगायचं, हे टाकाऊ आहे."

"आमच्याकडेही होतं असलं," मी म्हटलं. माझ्या मामाचं नाव केरबा. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून त्याला उकिरड्यावर ठेवून उचललं होतं. "पण मी इंजिनिअर आहे गं बाई!"

त्या दुपारी मुलीचा ऑक्सिजन सारखा खाली जायला लागला. नर्स डॉक्टरांना फोन करायला वळली. आयलाना दुसऱ्या खोलीत दूध काढत होती. मी मान वर केली, तर पेटीपाशी एक म्हातारा. काळा लांब कोट, पोटाखाली आलेली दाढी. कानांवर मास्कच्या दोऱ्या आहेत असं वाटलं... त्या दोऱ्या नव्हत्या. मिशा होत्या, कानांवर अडकवलेल्या.

"कोनाची वं हे पोरगी?"

चक्क आमच्या वऱ्हाडीत!

या अख्ख्या देशात माझं म्हणावं असं तेवढंच होतं, दोन मुठींएवढं. तरी म्हटलं, "माहीत नाही. माझी नाही. कोणीतरी टाकून गेलंय."

इतकी एकटी मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

त्याने काचेतून पाहिलं. "मंग राहू दे."

नर्स वळली तेव्हा मॉनिटरवरचे आकडे चढत होते आणि पेटीपाशी कोणी नव्हतं. "आत्ता कोण आलं होतं?" मी विचारलं.

"कोणीच नाही. बझर वाजल्याशिवाय दार उघडत नाही इथलं."

आयलाना परत आली. माझा चेहरा बघून तिने एवढंच विचारलं, "मिशा कानांवर होत्या?"

मी तिला अजून काहीच सांगितलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, प्रीमॅच्युअर बाळांचं असं खाली-वर होतं. असेलही. माझा थकवा, हॉर्मोन्स, सगळं मान्य. पण मिशांचं काय, वऱ्हाडीचं काय, ते मला आजही सांगता येत नाही.

मुलगी आता शाळेत जाते. गेटवर कोणीतरी सहज विचारतं, "ही तुमची का?" मी आधी त्याचे कान बघते, मग हो म्हणते.