हद्दीच्या दगडापलीकडचं रानडुक्कर

मी गावातल्या दूध संकलन केंद्रावर वजन आणि फॅटचे आकडे लिहितो. सकाळी रांगेत उभे असलेले लोक हल्ली मला दुधापेक्षा डुकरांबद्दल जास्त विचारतात. लिंबागणेशच्या आसपासच्या डोंगराकडेला ज्यांची शेतं आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांनी वनखात्याकडे रानडुक्कर मारायच्या परवानगीसाठी अर्ज केले आहेत. बहुतेकांनी बंदूक कधी हातात धरलेली नाही. मी गेल्या हिवाळ्यात या वाटेनं गेलो, म्हणून ते माझ्याकडे येतात.

मला जे कळलं ते मी सांगतो. आधी दिवसाउजेडी शेतात जाऊन डुकरांची ये-जा कुठून आहे ते बघा. ओल्या मातीत खूर उमटतात, बोरीच्या काट्यांना राठ केस अडकलेले असतात. पहाटे वारा डोंगरावरून खाली उतरतो आणि ऊन चढलं की उलटा वर जातो. तेव्हा पहाटे बसायचं तर खालच्या अंगाला बसा, नाहीतर तुमचा वास तुमच्याआधी जनावरापर्यंत पोचतो. विडी नको, तंबाखू चोळून थापट्या मारणं नको. जनावराच्या मागं काय आहे ते दिसत नसेल तर गोळी झाडू नका. मारलेलं डुक्कर खायचं नसतं, विकायचं नसतं. पंचनामा करून पुरायचं असतं. हे ऐकून दोनतीन जण हमखास अर्ज करायचा विचार सोडून देतात.

एवढं मी रांगेत सांगतो. पुढचं सांगत नाही.

पूर्वी आमच्याकडे डुकरं हुसकायची तर तरणी पोरं डबे वाजवत एका ओळीत डोंगर उतरायची. पौषात ती पोरं गावात नसतात, ऊसतोडीला गेलेली असतात. गाव म्हाताऱ्यांचं आणि शाळकरी लेकरांचं होतं. नेमकी त्याच वेळी ज्वारी हुरड्यात येते आणि डुकरांना ते आमच्याइतकंच कळतं. माझ्या शेतात त्यांनी आडवी केलेली ज्वारी मी टेप लावून मोजली होती. तिसरा हिस्सा गेला होता. मी परवानगी काढली, तिच्यातली प्रत्येक अट दोनदा वाचली. माझ्या चुलतभावाकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची बारा बोरची बंदूक होती. तिच्यातून त्यानं आजवर फक्त हवेत बार काढले होते. आम्ही ठरवलं, दोघांतच करू.

एक अट मला पाठ झाली होती. शिकार आपल्या शेताच्या गटातच करायची. जखमी जनावर वनहद्दीत शिरलं तर मागं जायचं नाही, खात्याला कळवायचं. आमच्या शेताच्या वरच्या बांधाला लागूनच वनखात्याचा दगड आहे, चुना लावलेला. तिथून घाणेरीची आणि बोरीची दाट झुडपं सुरू होतात.

त्या पहाटे आम्ही वाऱ्याचा हिशेब करून खालच्या कोपऱ्यात, नाल्याच्या कडेला बसलो. फटफटलं तेव्हा ज्वारीतून कडकड आवाज येऊ लागला. मग एकटंच एक मोठं डुक्कर बाहेर पडलं आणि सावकाश वरच्या बांधाकडे चालू लागलं. आम्ही खाली, ते वर जाणारं. आम्हाला त्याची फक्त पाठ दिसत होती. वाऱ्याच्या हिशेबात हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

भावानं बंदूक खांद्याला लावली, पण बार काढला नाही.

"थांब दादा," तो पुटपुटला. "बांधाला गेलं की आडवं होतंय ते. कूस दिसू दे."

त्याचं बरोबर होतं. बांधापाशी वाट वळते, खूर मीच त्याला दाखवले होते. पण माझी नजर डुकरावर नव्हती, दगडावर होती. अजून थोडं चाललं की ते माझ्या गटाबाहेर जाणार होतं.

"मार," मी म्हणालो. "हद्द आली. मार की!"

त्यानं बार काढला. डुक्कर किंचाळलं, मागचं अंग ओढत बांधावर चढलं आणि दगडाच्या कडेनं झुडपात शिरलं.

भाऊ दुसरं काडतूस भरून पळतच वर गेला. मी त्याच्या मागं. दगडापाशी रक्त होतं आणि त्यात पोटातला हिरवा चोथा. झुडपातून, अगदी जवळून, श्वासाचा आवाज येत होता. लोहाराच्या भात्यासारखा, मध्येच अडकणारा.

"हितंच पडलंय," भाऊ म्हणाला. "दोन मिनिटाचं काम हाय. मी जाऊन येतो."

मी त्याचा दंड धरला. "परवानगी माझ्या नावावर आहे. आत जायचं नाही."

"आरं, कोण बघतंय हितं?"

"कोणी बघत नाही म्हणून जायचं का?"

"दादा, ते तडफडतंय."

"गार्डसाहेबांना फोन कर."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हात सोडवून घेतला. डोंगराला रेंज नव्हती, तो खाली रस्त्यापर्यंत गेला. परत आला तो निरोप घेऊन. वनरक्षक मांजरसुंब्याच्या पुढं दुसऱ्या एका गावात होते. काम उरकून येतो म्हणाले, आत जाऊ नका, कोणाला जाऊ देऊ नका. भाऊ बंदूक घेऊन खालच्या बांधावर जाऊन बसला, माझ्याकडे पाठ करून. मी दगडापाशी बसलो. कोणीतरी थांबणं भागच होतं. जखमी डुक्कर माणसावर येतं, आणि त्या झुडपाकडेनं शेळ्यांची वाट आहे.

ऊन चढल्यावर शेळ्या आल्याच. त्यांच्यामागं शेजारच्या वस्तीवरची मावशी. तिचा मुलगा आणि सून तोडीला गेले होते आणि शेळ्या तिच्या गळ्यात होत्या.

"कावून बसलास रे बापू हितं? राखण करतोस का दगडाची?"

"मावशी, पुढं जाऊ नका. जखमी डुक्कर आहे आत."

ती थबकली. शेळ्यांना हुर्र करून तिनं मागं वळवलं आणि कान दिला. आवाज तिलाही ऐकू आला.

"आगं आई! जित्तं हाय की."

"हो."

"मग मारीत कावून न्हाईस?"

"ते दगडाच्या पलीकडं गेलंय. तिथं मारायची परवानगी नाही."

"आन अलीकडं आस्तं तर?"

"तर मारलं असतं."

तिनं दगडाकडे बघितलं, मग झुडपाकडे, मग माझ्याकडे. ती चेष्टा करील असं मला वाटलं, कारण बोलायला ती लई फटकळ आहे. पण तिनं काठी टेकून झुडपाकडे मान वाकवली.

"पाणी तरी दिलं आस्तंस," शेवटी ती म्हणाली. मग स्वतःच मान हलवली. "न्हाई, ते अंगावर येईल." शेळ्या घेऊन ती दुसऱ्या अंगाला गेली. जाताना दोनदा वळून बघितलं.

मी तिथं बसून स्वतःला बरंच काही समजावलं. अट माझ्यासाठीच नाही, सगळ्यांसाठी आहे. आज मी दयेनं आत गेलो, तर उद्या दुसरा मांसासाठी जाईल आणि दयेचंच नाव सांगेल. हे मला तेव्हाही पटत होतं, आताही पटतं. शिवाय झुडपात डुक्कर चाल करून आलं असतं तर भावाचं काय झालं असतं, हेही खरंच. पण हद्दीचा एवढा मान राखणारा मी, पहाटे त्याच हद्दीच्या धाकानं पाठमोऱ्या जनावरावर बार काढायला लावून बसलो होतो. भाऊ थांब म्हणाला होता. डुक्कर हद्दीपार निघून गेलं असतं तर काय बिघडलं असतं? परवानगी शिल्लक होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसता आलं असतं. ज्वारीची आणखी चार ताटं गेली असती. हा हिशेब फार सोपा होता आणि मी तो केला नाही.

मी तिथून उठलो मात्र नाही. निदान तेवढं तरी करायचं म्हणून बसलो, की उठून आत जायची हिंमत नव्हती म्हणून बसलो, ते मला सांगता येत नाही.

वनरक्षक दुपार टळल्यावर आले. तरणे होते, धुळीनं माखलेले. काठी पुढं करून तेच आधी आत गेले आणि लगेच हाक मारली. डुक्कर मेलं होतं. दगडापासून ते इतकं जवळ होतं, की मी पाय लांब करून बसलो होतो तिथून झाडी नसती तर त्याचे डोळे दिसले असते. त्याच्या तोंडासमोरची माती त्यानं नाकानं उकरून ठेवली होती.

आम्ही खड्डा खणला. भावानं माझ्या हातातून टिकाव घेतला. वनरक्षकांनी मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून पंचनामा लिहिला आणि वाचून दाखवला. अर्जदारानं जखमी प्राण्याचा वनहद्दीत पाठलाग केला नाही, तत्काळ कळवलं, सर्व अटी पाळल्या. एकही शब्द खोटा नव्हता.

"असं कोणी करत नाही हो," ते मला म्हणाले. "लोक सरळ आत घुसतात. तुमच्यासारखे चारदोन असले तर आमचं काम हलकं होईल."

भाऊ खड्ड्यावर माती लोटत होता. त्याचं खोरं क्षणभर थांबलं आणि पुन्हा चालू झालं.

"मेलं कधी, ते लिहायचंय," वनरक्षक म्हणाले. "अंदाजे दुपारी, असं टाकू का?"

"दादाला इच्चारा," भाऊ मान वर न करता म्हणाला. "त्येच बसलेवते जवळ."

मी वेळ सांगितली, मिनिटासकट.

वनरक्षकांनी पेन उचलून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही तर आत गेला नव्हतात. मग इतकं नेमकं कसं सांगता?"

"ऐकत होतो," मी म्हणालो.

त्यांनी पेन टेकवलं. मी सांगितली ती वेळ लिहिली आणि सहीसाठी कागद माझ्याकडे सरकवला.