पप्पांचा रविवार

माझ्या आईनं माझ्या वडिलांना मारलं, असं आमच्या नात्यात अजूनही बोललं जातं.

आज सकाळी आई गेली. उद्या मातीला सगळे जमतील आणि तोंडावर कुणीच काही बोलणार नाही.

म्हणून मीच लिहिते.

पप्पांना कॅन्सर झाला तेव्हा मी कॉलेजात होते. डॉक्टरांनी आईला आणि थोरल्या काकांना बाजूला घेऊन सांगितलं, आता हातात फार काही नाही. दुखणं सोसवावं म्हणून गोळ्या लिहून दिल्या.

काका बाहेर येऊन म्हणाले, "शालिनी, त्याला यातलं काय एक कळता कामा नये. कावीळ म्हणायची."



तुमच्यातले बरेच जण आईला ओळखतात. कुणाच्या घरची सांदणं खाऊन "छान झाल्येत" म्हणायचं सोडून "मीठ कमी पडलंय" सांगणारी बाई. घरात असताना "नाही म्हणून सांग" असं तिनं आम्हाला कधी सांगायला लावलं नाही. तिला रेसिपी सगळे विचारायचे, मत कुणी विचारायचं नाही.

तीच तेव्हा गप्प बसली. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, अशी तिनं स्वतःची समजूत घातली असणार.

मग आमच्या ख्रिस्ती मंडळीत बाहेरगावाहून एक प्रार्थनेनं आजार बरे करणारे आले. नाव लिहीत नाही. पप्पांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी जाहीर करून टाकलं, "ब्रदर, आजार गेला! आता गोळी घ्याल तर तो अविश्वास."

पप्पांनी गोळ्या मोरीत ओतल्या.

त्यानंतर ते पोटाशी उशी दाबून बसायचे. घामानं बनियन भिजायचं. विचारलं की म्हणायचे, "आजार निघतोय ना, म्हणून दुखतंय. बरं आहे माझं."

आणि हसायचे. दात घट्ट आवळून.

ते हसणं मला अजून दिसतं.

पुढच्या रविवारी ते उपासनेत साक्ष देणार होते. आमच्यात कुणाला देवानं संकटातून सोडवलं की तो मंडळीसमोर उभा राहून तसं सांगतो, आणि आभाराचं काहीतरी पुढच्या टेबलावर ठेवतो. पप्पांनी परसातल्या कलमाचे हापूस उतरवून घेतले. आतल्या खोलीत पेंढा पसरून अढी घातली, नेमके रविवारी पिकतील अशा बेतानं. रोज एकेक आंबा हातात घेऊन बघायचे.

शनिवारी दुपारी आई त्यांच्याशेजारी पेंढ्यात जाऊन बसली. मी दारात उभी होते.

"अहो, तुम्ही बरे झालेले नाही."

पप्पांनी वळून बघितलं.

"कावीळ नाही ती. कॅन्सर आहे. मी आधी बोलले नाही, ते चुकलंच माझं. पण उद्या तुम्ही देवासमोर खोटी साक्ष द्यायची आणि मी खाली बसून आमेन म्हणायचं? माझ्यानं नाही होणार. आणि तुमचं हे दुखणं बघवत नाही हो. गोळी घ्या."

पप्पांच्या हातात आंबा होता. तो त्यांनी जागेवर नीट ठेवला.

मग म्हणाले,
"मला उद्याचा रविवार तरी द्यायचा होतास गो."

रविवारी ते गेले. पांढरा इस्त्रीचा शर्ट. आंब्यांची पेटी टेबलावर ठेवली आणि मंडळीकडे वळले.

"मी बरा झालेलो नाही. मला कालच कळलं. आंबे मात्र आणलेत. ते देवाचेच."

आमेन कुणीच म्हणालं नाही.

प्रार्थनावाल्यांनी आईकडे बघत सांगितलं, "अविश्वास घरातूनच शिरला."

पप्पा परत गोळ्या घ्यायला लागले. दुखणं कमी झालं, झोप लागायला लागली. पण जेवणावरची वासनाच उडाली. मे सरायच्या आत गेले.

मातीहून आल्यावर काका अंगणात सगळ्यांसमोर म्हणाले, "देवानं बरं केलंन, बायकोनं मारलंन."

आई पायरी चढून आत गेली. जे खरं आहे याची तिला खात्री नसायची, ते ती बोलायची नाही.

आत अढीत उरलेले आंबे पिकून सगळं घर घमघमत होतं. एकालाही त्यांना हात लावावासा वाटला नाही.

पुढे कलम धरत राहिलं. आई सगळे आंबे वाटून टाकायची, स्वतः फोडसुद्धा तोंडात घालायची नाही. ऐन उकाड्यात शेजारून पिकल्या आंब्याचा वास आला की उठून खिडकी लावून घ्यायची.

गेल्या महिन्यात आईचा रिपोर्ट आला.

फॅमिली ग्रुपवर लगेच मेसेज. "काकीला सांगू नको." "ती खचेल." मांडवीला आईच्या घरी येईपर्यंत रिक्षात मीही "थोडं इन्फेक्शन आहे" असं मनात घोकत आले.

आई ओटीवरच बसली होती. माझं तोंड बघून म्हणाली, "पप्पांचंच ना?"

"हो."

"बरं केलंस सांगितलंस. मला रविवार नको."

परवा संध्याकाळी तिनं माझा हात धरला. आवाज खोल गेला होता.

"तेव्हा माझं चुकलं का गो?"

इतक्या वर्षांत तिनं हे कुणालाच विचारलं नव्हतं.

"नाही, आई." एवढंच तर म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं.

पण ते खरं आहे का, हे मला माहीत नव्हतं. मला ते दात आवळून हसणं आठवत होतं. आणि पेंढ्यात बसून रविवार मागणारा पप्पांचा तो आवाजही.

मी म्हटलं, "मला माहीत नाही, आई."

तिनं डोळे मिटले. "हां," म्हणाली.

त्यानंतर ती बोललीच नाही.

सकाळपासून तो "हां" माझ्या कानात आहे. मुलगी खरं बोलली म्हणून होता, की आशा सुटली म्हणून? आता कुणाला विचारू?

मीही तिला तिचा रविवार दिला नाही.

उद्या मंडळीसमोर मला दोन शब्द बोलायचेत. आई शांतपणे गेली, असं मी म्हणणार नाही. आई, तुला खूप दुखत होतं आणि तू मला एक प्रश्न विचारून गेलीस, एवढंच सांगेन.

सलाम, आई.

पप्पा भेटले की त्यांनाच विचार. ते खोटं बोलणार नाहीत.